रोजमेळात न लिहिलेलं

घरी बसून हिशेब लिहायचा व्यवसाय कसा सुरू होतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. टॅलीचा एखादा कोर्स, एक संगणक, जेवणाच्या टेबलाचं एक टोक, ओळखीतली एक-दोन दुकानं आणि जीएसटीसाठी महिन्याच्या २० तारखेची धावपळ. जाहिरातीत एवढंच असतं आणि त्यात खोटं काही नाही. श्यामसुंदर गोएंकांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला लावलं. १९८६ साली सुरू झालेल्या त्या खटपटीतून आलेल्या टॅलीनं बेरजा-वजाबाक्यांचं ओझं आमच्या डोक्यावरून खरोखरच उतरवलं.

बेरजा मशीन करतं, तर मग आम्हाला पैसे कशाचे मिळतात? विचारण्याचे. हे पैसे आले कुठून, हे बिल कुणाचं, ही रक्कम महिनोन् महिने अशीच का पडून आहे. चिंचवडमधल्या माझ्या घरात भोसरीची वर्कशॉपं, किराणा दुकानं, एखादी खानावळ, एखादी सोसायटी अशा ‘पार्ट्यां’चे हिशेब लिहिले जातात. (ग्राहकाला आमच्यात पार्टीच म्हणतात.) या प्रश्नांपायी जे घडतं, ते ताळेबंदात कधीच येत नाही. त्यातलं थोडं इथे सांगते. कुणी ओळखू येऊ नये म्हणून धंदे आणि आकडे इकडचे तिकडे केले आहेत. तोंड बंद ठेवणं हा या कामाचा पहिला नियम आहे.

त्या नियमाची परीक्षा पहिल्याच कामात झाली. घरून काम सुरू केलं की पहिलं काम बहुधा आपल्याच सोसायटीचं येतं. देखभालखर्चाची बिलं काढायची, थकबाकीवर व्याज लावायचं. तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणे ते २१ टक्क्यांपर्यंत लावता यायचं, त्यामुळे आकडा बघता बघता फुगायचा. कुणाचं किती थकलंय हे सेक्रेटरींइतकंच मलाही कळू लागलं, आणि मला कळलंय हे थकवणाऱ्यांनाही कळलं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ माझ्याबरोबर लिफ्टमध्ये यायचे बंद झाले. पाच मजले चालत जायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकांनी मला गाठलं. “सांग ना गं, कुणाकुणाचं राहिलंय?” मी तिळाच्या वड्यांची कृती विचारत राहिले. पुढे एका रात्री तेच गृहस्थ दारात उभे. भांडायला आले असतील असं वाटलं, तर त्यांनी आपल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या बिलांची पिशवी टेबलावर ठेवली. “हळदीकुंकवात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, असं बायकोनं सांगितलं.” त्या दिवशी सगळ्यांत जास्त खोदून खोदून विचारत होत्या, त्या त्यांच्याच सौभाग्यवती.

दारावरच्या पाटीची गोष्ट लहानशी आहे. रंगवणाऱ्यानं मोठ्या आपुलकीनं सुचवलं, “ताई, आधी ‘चार्टर्ड’ टाकू का? पैसे तेवढेच घेईन.” मी जवळजवळ ओरडलेच. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या (सीए) संस्थेचं सदस्यत्व नसताना स्वतःला तसं म्हणवणं हा १९४९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आयकराच्या लेखापरीक्षणावर सही सीएचीच चालते. आम्ही वही लिहितो, ते तपासतात. पाटीवर शेवटी आलं, ‘हिशेब लिहून मिळतील’. घरच्यांना वाटलं, ही फारच साधी झाली. पण ती पाटी वाचून ज्यांनी पहिल्यांदा बेल वाजवली, ते मागच्या गल्लीतले एक सीएच होते. लहान पार्ट्यांच्या रोजच्या नोंदी करायला त्यांना आपली पायरी ओळखणारं कुणीतरी हवं होतं.

आता दुधाची गोष्ट. एका किराणा दुकानाची रोकड दर महिन्याला उणे व्हायची. म्हणजे वहीप्रमाणे गल्ल्यात ११ हजार आणि त्याच दिवशी रोखीनं घेतलेला माल १८ हजारांचा. बँकेतली शिल्लक उणे असू शकते, गल्ल्यातली कशी असेल? नसलेली नोट कुणी मोजून देऊ शकत नाही. वहीत रोकड उणे दिसली की बहुधा एक तर खर्च दोनदा लिहिलेला असतो, नाही तर कुठली तरी जमा लिहायची राहिलेली असते. दुकानदारांचं उत्तर ठरलेलं, “मशीन चुकतंय हो.” मी दर महिन्याला विचारायची आणि ते दर महिन्याला मशीनला बोल लावायचे.

एकदा पहाटेची गाडी पकडायला निघाले होते. दुकानाचं शटर अर्धं उघडं, आणि बाहेर प्लॅस्टिकच्या क्रेटवर दुकानदारांच्या आई बसलेल्या. पुढ्यात दुधाच्या पिशव्यांची रास, समोर गिऱ्हाइकांची रांग. पैसे घ्यायच्या आणि मागे न बघता गल्ल्यात टाकायच्या. दुपारी फोन केला, तर दुकानदार म्हणाले, “ते होय? ते आईचं आहे, त्याचा कसला हिशेब!” पिशवीतल्या दुधावर जीएसटी नाही हे खरं, पण विक्री ती विक्रीच. दुधाचं खातं वेगळं काढलं आणि रोकडीचं उणेपण त्याच महिन्यात गेलं. वर्षअखेरीला मुलानं आईला ते खातं वाचून दाखवलं. पावसाळ्यातल्या मंदीच्या महिन्यांत दुकानाचं भाडं निघत होतं, ते दुधाच्या कमिशनवर. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग पुढच्या महिन्यापासून मला पगार लाव.” आता त्या दुकानाच्या वहीत पगाराखाली पहिलं नाव त्यांचं आहे.

बिलांच्या पिशव्यांमधून घरंही येतात, हे या कामात नव्यानं येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. दुकानाच्या बिलांत मुलाच्या क्लासची पावती येते, दवाखान्याचं बिल येतं. ती ‘उचल’ म्हणून बाजूला काढायची आणि गप्प बसायचं. एका खानावळीच्या वहीत मात्र गप्प बसणं अवघड होतं. धंदा अडचणीत असताना मालकांच्या खात्यात त्यांच्या मेहुण्याकडून दोन लाख आले होते. चेकनं आले होते हे बरंच झालं, कारण २० हजार किंवा त्यावरची उसनवार रोखीनं घेता येत नाही. वर्षअखेरीला अशा प्रत्येक रकमेसाठी देणाऱ्याचा पॅन आणि सहीचं पुष्टीपत्र घ्यायचं असतं. मेहुण्याला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो हळूच म्हणाला, “सही करतो. पण ते पैसे माझे नाहीत, ताईचे आहेत. लग्नाआधी नोकरीत साठवलेले. दाजींना कळलं तर घेणार नाहीत, म्हणून माझ्या नावावरून दिले.”

वहीच्या दृष्टीनं प्रश्न सरळ होता. पैसे ज्याच्या खात्यातून आले, नोंद त्याच्या नावानं. बहीण-भावाचा हिशेब त्यांचा त्यांचा. मी पुष्टीपत्र फाइलला लावलं. त्यानंतर दर दिवाळीला मालकीणबाई फराळाचा डबा घेऊन यायच्या आणि जाता जाता दारात विचारायच्या, “भावाचे किती राहिले हो अजून?” मी आकडा सांगायची नाही, “फिटतायत” एवढंच म्हणायची. खानावळ सावरली, हप्ते गेले, खातं शून्यावर आलं. शेवटच्या हप्त्याचा चेक लिहून मालक म्हणाले, “मेहुण्याचा पगार मला ठाऊक होता, मॅडम. तो दोन लाख कुठून आणणार? हे पैसे हिचे आहेत हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिला सांगू नका.”

भवानी पेठेतल्या एका घाऊक दुकानात माझी गाठ पडली ती थेट दिवाणजींशी. वय सत्तरीच्या पुढे, नाकावर चष्मा. रोजमेळ हातानं, खतावणी हातानं. शेठच्या मुलाच्या हाती कारभार आला, त्यानं संगणक घेतला आणि हिशेब माझ्याकडे पाठवू लागला. दिवाणजींनी मला विरोध केला नाही; त्यांनी फक्त आपली वही लिहिणं थांबवलं नाही. एकाच दुकानाच्या दोन वह्या, आणि महिनाअखेरीला दोन्हींची शिल्लक समोरासमोर. एका महिन्यात ५,४०० रुपयांचा फरक आला. धाकट्या शेठनी दुकानातून भरलेल्या नोंदी मी चाळतच होते, तेवढ्यात दिवाणजींचा फोन. “फरकाला नऊनं भाग जातो का बघा.” जात होता. “मग अंक उलटलेत. भाड्याची नोंद बघा.” शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की येणाऱ्या फरकाला नेहमी नऊनं भाग जातो. ७,१०० च्या जागी १,७०० लिहिले गेले होते. नावे आणि जमा दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या होत्या, म्हणून सॉफ्टवेअरनं हूं की चूं केलं नव्हतं. (फरकाला दोननं भाग जात असेल, तर कुठली तरी रक्कम उलट्या बाजूला पडली का ते बघायचं. हेही त्यांचंच.)

पण त्यांच्या रोजमेळात एक नोंद होती, जिच्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. दर महिन्याच्या १ तारखेला ‘किरकोळ जमा ५००’. कशाचे? “असतात,” एवढंच उत्तर. पुढे जुनी उधारी निकाली काढायचा विषय निघाला. बुडीत रकमेची वजावट हवी, तर ती वहीतून प्रत्यक्ष लिहून काढावी लागते. कुणाकुणाला पत्रं पाठवायची असं मी विचारलं, तेव्हा दिवाणजींनी लोखंडी कपाटातून लक्ष्मीपूजनाची लाल चोपडी काढली. सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे बऱ्याच दुकानांत दिवाळीला पूजलेल्या चोपडीवर पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात, बाकीची पानं कोरीच राहतात. या चोपडीत मात्र थोरल्या, दिवंगत शेठच्या अक्षरात नावं आणि रकमा होत्या. “यांना विचारायचं नाही, असं सांगून गेलेत ते,” दिवाणजी म्हणाले. यादी वाचत मी शेवटाला आले. शेवटचं नाव दिवाणजींचं होतं. मुलीच्या लग्नासाठी घेतलेली रक्कम, शेठनी सोडून दिलेली. ती दर महिन्याला ५०० रुपयांनी किरकोळ जमा होत होती.

जीएसटी लागू झाला ती ३० जून २०१७ ची मध्यरात्र, संसदेतला सोहळा, सगळं देशानं पाहिलं. आमच्या धंद्यातल्या लोकांनी त्याआधीचे कित्येक रविवार वर्गांत बसून तीन विवरणपत्रं पाठ केली होती: १, २ आणि ३. विक्रीचं, खरेदीचं आणि दोन्ही मिळवून तिसरं. वह्या भरून टिपणं होती. जुलैचं पहिलं ३बी विवरणपत्र २० ऑगस्टला भरायचं होतं; ती तारीख २५ झाली. जुलैच्या विक्रीचं पत्रक लांबत लांबत १० जानेवारी २०१८ पर्यंत गेलं. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये २ आणि ३ ही दोन्ही विवरणपत्रं बाजूला ठेवली गेली, ती परत आलीच नाहीत. तात्पुरतं म्हणून आणलेलं ३बी मात्र आम्ही आजही भरतो.

त्या घाईच्या दिवसांचा एक काटा पुढे माझ्या पायात रुतला. भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांनी काम माझ्याकडे आणलं ते २० तारखेच्या तोंडावरच. “आधीच्या बाई दाद देत नाहीत, तुम्हीच बघा.” सगळं जुळवलं, कर भरला, रात्री विवरणपत्र सादर करायला बसले. ओटीपी पाठवला गेला, पण मालकांच्या फोनवर काही येईना. पोर्टलवरचा मोबाइल नंबर त्यांचा नव्हताच. नोंदणीच्या धांदलीत आधीच्या बाईंनी आपला नंबर टाकला होता आणि तो कुणी बदलला नव्हता. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये दंड; त्याहून वाईट म्हणजे शिस्तीत चाललेल्या पार्टीला डाग.

मी आधीच्या बाईंना फोन लावला. आमच्या व्यवसायात काम सोडून गेलेली पार्टी ही मोठी दुखरी नस असते, त्यामुळे शिव्या ऐकायची तयारी होती. बाई शांतपणे म्हणाल्या, “ओटीपी आलाय माझ्याकडे. देते. पण एकदा त्यांना विचारा, माझी किती महिन्यांची फी राहिलीय.” मी फोन धरून ठेवला आणि मालकांकडे बघितलं. आठ महिने. मालकांची मान खाली गेली. त्यांनी तिथल्या तिथे पैसे पाठवले, बाईंनी नवा ओटीपी सांगितला आणि विवरणपत्र बाराच्या आत गेलं. दुसऱ्या दिवशी नंबर बदलून घ्यायचा अर्ज जीएसटी कार्यालयात दिला. त्या बाई आणि मी आता एकमेकींच्या पार्ट्या सांभाळतो; ती गावाला गेली की तिचं काम माझ्याकडे, माझ्याकडे लग्नकार्य असलं की माझं तिच्याकडे. नव्या पार्टीला आम्ही दोघीही पहिला प्रश्न तोच विचारतो: आधीच्यांची फी दिलीत का?

फीचं दुखणं या व्यवसायात विचित्र आहे. आपलं बिल थकलंय हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही; पार्टीच्या देणेकऱ्यांच्या यादीत आपलंच नाव दर महिन्याला आपणच बघत असतो. २०२३ च्या वित्त कायद्यानं यात एक कलाटणी आणली. आयकराच्या कलम ४३बी मध्ये एक पोटकलम वाढलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यायचे. ती मुदत उलटून ३१ मार्चला थकलेलेच राहिले, तर त्या वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजा मिळणार नाही. पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. मार्च २०२४ मध्ये या एका कलमानं बाजारात जी पळापळ झाली, ती मी फोनच्या घंटीवर मोजली.

भोसरीचे एक वर्कशॉपवाले माझ्या फीचे जुने थकबाकीदार. त्यांच्या देणेकऱ्यांची यादी सीएंकडे जाणार होती. कुणाची उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे, कुणाची नाही, असा रकाना त्यात होता. नियमाप्रमाणे मी यादीत माझंही नाव उद्यम क्रमांकासह लिहिलं. सेवा देणारे उद्योगही त्यात येतात. पण त्याआधी मी त्यांना दुसरंच विचारलं होतं: “तुमचं स्वतःचं उद्यम प्रमाणपत्र ज्यांना माल देता त्या कंपनीला पाठवलंय का?” पाठवलेलं नव्हतं. तीन-तीन महिने पैसे अडायचे, तरी नाही. ते पाठवून झालं. मार्च संपायला दोन दिवस असताना कंपनीकडून त्यांची अडकलेली मोठी रक्कम एका फटक्यात जमा झाली, कारण तिकडच्याही यादीत आता त्यांचं नाव त्या रकान्यात आलं होतं. त्याच संध्याकाळी माझ्या खात्यात वर्षाची सगळी फी आली, आणि सोबत मेसेज: “पुढच्या वर्षीची यादी ऑक्टोबरातच करू या.”

तुमच्या दुकानाचे, दवाखान्याचे किंवा सोसायटीचे हिशेब अशीच कुणी ताई किंवा कुणी दादा घरी बसून लिहीत असेल, तर माझी एक विनंती आहे. “हे पैसे कशाचे?” असा मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर द्या, कितीही क्षुल्लक रक्कम असली तरी. बिलं महिन्याच्या ५ तारखेच्या आत पोहोचवा. पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचा स्वतःचाच आहे ना, हे आज बघून घ्या. आणि त्यांची फी तुमच्या देणेकऱ्यांच्या यादीत थकलेली दिसत असेल, तर ती या महिन्यात देऊन टाका.